नव्या टीव्हीचं चित्र मध्येच काळं होतंय? पॅनेल गेलं म्हणण्याआधी एवढं पाहा

तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. ‘‘नवाकोरा टीव्ही आहे हो, पण चित्र मध्येच काळं होतं. दोन-चार सेकंदांनी आपोआप परत येतं.’’ कंपनीचा माणूस येतो तेव्हा टीव्ही शहाण्यासारखा चालतो. तो सॉफ्टवेअर अपडेट करून जातो आणि रात्री मालिका रंगात आली की पडदा पुन्हा काळा. मग घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘‘पॅनेलच खराब आलंय, बदलून मागा.’’

पॅनेल खराब येत नाही असं नाही. पण बिघडलेलं पॅनेल आपला बिघाड दाखवत बसतं: उभी रेघ, आडवा पट्टा, कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा डाग, अर्धा पडदा फिकट. तो बिघाड सहसा रोज तिथेच असतो आणि वाढत जातो. चित्र पूर्ण जाऊन पुन्हा स्वच्छ येत असेल, तर आधी संशय घ्यायचा तो जोडणीवर. वीज, केबल, बॉक्स, डिश, नाहीतर एखादं सेटिंग. यातलं बरंचसं घरच्या घरी शोधता येतं आणि त्यासाठी टीव्ही उघडावा लागत नाही. उघडूही नका. वॉरंटी जाते ते एक, आणि आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, पिन काढल्यावरही काही काळ विजेचा घातक दाब (व्होल्टेज) शिल्लक असतो.

काळं झालं की आधी रिमोट उचला

सगळ्यात उपयोगी चाचणी ही. पडदा काळा झाला की लगेच टीव्हीच्या रिमोटवरचं आवाजाचं किंवा सेटिंग्जचं बटण दाबा. टीव्हीच्याच रिमोटवरचं, सेट-टॉप बॉक्सच्या नव्हे. काळ्या पडद्यावर आवाजाची पट्टी किंवा मेनू नीट उमटला तर पॅनेल, त्यामागचे दिवे आणि टीव्हीचा वीजपुरवठा हे तिन्ही ठीक आहेत. टीव्हीकडे चित्रच येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

मेनू उमटला नाही, तर चित्र परत येताना काय दिसतं ते बघा. आधी कंपनीचं नाव झळकून मग चित्र आलं, तर टीव्ही बंद पडून पुन्हा सुरू झालाय. त्याची वीज तुटली किंवा तो आतून रीस्टार्ट झाला. आवाज चालू राहिला पण पडदा काळाच राहिला, तर खोलीतले दिवे घालवून मोबाइलची बॅटरी पडद्याजवळ तिरपी धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर मागचे दिवे, म्हणजे बॅकलाइट, गेलेत. तो मात्र खरा दुरुस्तीचा मामला, तिथे सरळ कंपनीला फोन करा. (ओएलईडी टीव्हीला बॅकलाइट नसतो, त्याला ही बॅटरीची चाचणी लागू नाही.)

आणखी एक प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: त्या क्षणी घरात दुसरं काय सुरू किंवा बंद झालं? फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर, गीझर, जिन्यातला दिवा. दोन-तीन दिवस हे लक्षात ठेवलंत तरी अर्धा शोध तिथेच लागतो.

मेनू दिसतो, चित्र जातं: एचडीएमआय

बॉक्स किंवा स्टिक (टीव्हीला मागून लावायची, नेटवरचे चित्रपट-मालिका दाखवणारी छोटी कांडी) टीव्हीला जोडणारी ही केबल म्हणजे सगळ्यात मोठी संशयित. ‘‘पण हीच केबल जुन्या टीव्हीवर इतकी वर्षं चालली!’’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. चालली असेलच. जुना टीव्ही फुल एचडी होता, त्या केबलवर तेवढाच भार होता. नवा टीव्ही फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा, आहे, स्टिकही फोर-के आहे, आणि दोघं परस्पर ठरवून सेकंदाला ६० चित्रं, तीही जास्त उजेड-रंगांच्या एचडीआरमध्ये, पाठवायला लागतात. त्यासाठी केबलला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती वाहून न्यावी लागते. जुन्या केबलला हे जेमतेम झेपतं. जरा गडबड झाली की दुवा तुटतो आणि दोन्ही उपकरणांना पुन्हा एकमेकांची ओळख पटवावी लागते. त्यात चोरटं रेकॉर्डिंग रोखणाऱ्या एचडीसीपी या कुलपाच्या किल्ल्यांची देवाणघेवाणही येते. ते दोन-चार सेकंद काळे का, याचं उत्तर हे.

तपासायला पैसे लागत नाहीत. स्टिकच्या किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ‘ऑटो’वरून १०८०पी (म्हणजे फुल एचडी) करा आणि एक संध्याकाळ टीव्ही बघा. काळं होणं थांबलं तर केबल किंवा पोर्ट दोषी, हे जवळपास पक्कं. मग दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात लावून बघा. तिथेही तेच झालं तर केबल बदला. ‘प्रीमियम हाय स्पीड’ असा प्रमाणपत्राचा शिक्का असलेली, गरजेपुरत्याच लांबीची घ्या. सोन्याचा मुलामा, जाड वेष्टण यांना भुलू नका. लांबी मात्र महत्त्वाची. फोर-केसाठी तांब्याची साधी केबल पाच मीटरच्या पुढे गेली की कुरकुर सुरू होते. हॉलच्या एका टोकाला बॉक्स आणि दुसऱ्या टोकाला टीव्ही अशी हौस असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल येते ती घ्यावी, किंवा बॉक्स टीव्हीजवळ आणावा. मी तरी बॉक्सच हलवीन.

नव्या केबलनंतरही फोर-के चालेना, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाचा ‘एन्हान्स्ड’ प्रकार चालू आहे का बघा. सॅमसंगवर त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीवर ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’. आणि उलटही खरं: जुना सेट-टॉप बॉक्स लावलेल्या पोर्टावर हे चालू असेल तर तो बॉक्स कधीकधी गोंधळतो, तिथे ते बंद ठेवा.

भिंतीवर लावलेल्या टीव्हीत वेगळीच गंमत असते. मागे बोटभर जागा, आणि त्यात केबलचं कडक डोकं जबरदस्तीने वाकवलेलं. महिन्याभरात पोर्टातली पकड सैल होते. टीव्हीला जरा धक्का लागला, दार आपटलं, की चित्र गेलं. काटकोनात वळलेला छोटा कनेक्टर मिळतो, तो वापरा. स्टिकबरोबर जी वीतभर एचडीएमआय वायर येते ती डब्यातच पडून राहते. ती पोर्टावरचा ताण काढायलाच दिलेली असते, आणि तिच्यामुळे स्टिक टीव्हीच्या गरम पाठीपासून लांबही राहते.

स्टिकचा दुसरा रोग म्हणजे तिची वीज. बरेच जण ती टीव्हीच्याच यूएसबी पोर्टातून चालवतात, कारण एक सॉकेट वाचतं. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे अर्धा अँपिअर देतो, स्टिकला मात्र जोर लागला की त्याहून जास्त हवा असतो. मग ती मध्येच दम तोडते, पडदा काळा होतो आणि थोड्या वेळाने टीव्हीचं नव्हे तर स्टिकचं बोधचिन्ह येतं. बरोबर आलेला अडॅप्टर भिंतीत लावा, प्रश्न मिटतो.

मिक्सर लावला, ट्यूब घालवली, पंख्याचं बटण दाबलं की टीव्ही दोन सेकंद काळा होतो? खोलीतला दुसरा दिवा त्या वेळी मंद झाला का, ते बघा. झाला नसेल तर व्होल्टेजचा दोष नाही. बटणात किंवा मिक्सरच्या मोटरीत उडणाऱ्या ठिणगीचा झटका स्वस्त केबलमध्ये शिरतो आणि सिग्नल तुटतो. चांगल्या आवरणाची केबल आणि विजेच्या वायरीपासून थोडं अंतर, एवढं पुरतं. बटण खरकन वाजत असेल तर तेही बदलून घ्या.

काही वेळा चित्र काळं होणं हा बिघाडच नसतो. चॅनेल बदलताना सेकंदभर काळं होतं, कारण बॉक्स प्रत्येक चॅनेलच्या मूळ मापाप्रमाणे सिग्नल बदलतो. साध्या चॅनेलवरून एचडीवर गेलात की टीव्हीला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. बॉक्समध्ये माप कायमचं १०८० ठेवलं की ते थांबतं. चित्रपट सुरू होताना आणि संपताना एकदाच काळं होत असेल तर स्टिक फ्रेम-रेट जुळवते आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, बाकी मेनू ६० चा. त्रास वाटला तर ते सेटिंग बंद करा, नाहीतर सोडून द्या.

कंपनीचं नाव झळकून चालू होतो: वीज

इथे मी पहिल्यांदा सॉकेट बघतो. बऱ्याच टीव्हींना दोन पायांची पिन येते आणि आपल्याकडची जुनी सॉकेटं सैल असतात. त्यात अडॅप्टर, त्यात एक्स्टेन्शन, आणि ते एक्स्टेन्शन शोकेसमागे धुळीत. टीव्ही तासभर चालल्यावर पिनेला हात लावा. ती कोमट लागली, पितळ काळवंडलेलं दिसलं किंवा बारीक चर्र असा आवाज आला तर सॉकेट बदला. वायरमनला बोलवा, मेन स्विच घालवूनच काम करू द्या. हा दोष नुसता टीव्ही बंद पाडत नाही, आग लावू शकतो.

फ्रिज किंवा मोटर सुरू होताना दिवेही मंद होत असतील तर दाब पडतोय. दुकानदार लगेच स्टॅबिलायझर पुढे करील. घेण्याआधी टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचा. बहुतेक टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. तो १८० ला आला तरी अशा टीव्हीला फरक पडत नाही. म्हणजे कमी दाबासाठी स्टॅबिलायझरचा खर्च वाया. सगळ्या घराचा मेनलाइन स्टॅबिलायझर आधीच असेल तर राहू द्या, टीव्हीसाठी म्हणून नवा कशाला?

जास्त दाबाची गोष्ट वेगळी. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की एका फेजवर चालणाऱ्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपासही दाब येऊ शकतो. एकाच रात्री आळीतले चार-पाच टीव्ही आणि फ्रिज जळाले, असं आपण ऐकतो ते बहुधा यामुळेच. याची चाहूल आधी लागते. एका खोलीतला दिवा मंद, दुसऱ्या खोलीतला डोळे दिपतील इतका लख्ख, पंखा अचानक सुसाट. असं दिसलं तर टीव्हीचं बटण शोधत बसू नका, मेन स्विच पाडा आणि १९१२ या वीज-तक्रारीच्या क्रमांकाला किंवा ओळखीच्या लाइनमनला कळवा. जिथे हे वारंवार होतं तिथे ठरावीक दाबाच्या वर वीज तोडणारं छोटं उपकरण मीटरजवळ बसवून घ्या. टीव्हीच्या स्टॅबिलायझरपेक्षा ते सगळ्या घराला उपयोगी.

लाइट गेली की टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू होतो, इन्व्हर्टर असूनही? इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा समोर यूपीएस आणि साधा असा खटका असतो, तो बघा. साध्या प्रकारात वीज बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा पंख्याला कळत नाही, टीव्हीला कळतो. यूपीएसवर ठेवला की बदल काही मिलिसेकंदांत होतो आणि टीव्ही तग धरतो. जुन्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर टीव्हीच्या स्पीकरातून गुणगुण येते. त्यावर टीव्ही तासन् तास चालवायचाच असेल तर पुढचा इन्व्हर्टर घेताना साइन-वेव्ह घ्या.

बोटाला मुंग्या येतात ती वायर

बॉक्सची वायर लावताना टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या धातूच्या भागाला बोट लागलं की झिणझिण्या येतात, ही तक्रार निम्म्या जुन्या घरांत असते आणि लोक तिला हसून सोडून देतात. दोन पायांच्या पिनेवर चालणाऱ्या उपकरणांत गोंगाट गाळणारा छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडी वीज धातूच्या भागावर येते. नुसती तेवढीच असेल तर ती जिवाला धोका नाही, पण एचडीएमआय पोर्टाला आहे. दोन्ही उपकरणं चालू असताना केबल खुपसली की तो फरक पोर्टातल्या नाजूक चिपमधून वाट काढतो आणि पोर्ट कायमचा जातो. म्हणून केबल काढ-घाल करताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींच्या पिना आधी भिंतीतून काढा. झिणझिण्याऐवजी सणसणीत झटका बसला तर ते गळतीचं लक्षण आहे. ती वायर पुन्हा शिवू नका, वायरमनला बोलवा.

वायरमन आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत बोर्डात हिरवी वायर असते, पण ती पुढे कुठेच जोडलेली नसते. टेस्टर पेटतो म्हणजे अर्थिंग आहे, हा समज चुकीचा. टेस्टर फक्त फेज दाखवतो. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये चाचणीचा बल्ब लावून तो नीट लख्ख पेटतो का, हे बघायला सांगा. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्डही अर्धाच उपयोगाचा. त्यातला संरक्षक भाग झटके खाऊन कालांतराने निकामी होतो. वरचा संरक्षणाचा दिवा विझला की ते नुसतं एक्स्टेन्शन उरतं, आणि बाजारात ‘स्पाइक’ नावाने विकली जाणारी कित्येक तर पहिल्या दिवसापासून नुसती एक्स्टेन्शनच असतात.

एप्रिल-मेच्या वळिवात आणि परतीच्या पावसात टीव्ही मरतात ते पिनेतून कमी, डिशच्या वायरीतून जास्त, असं माझं मत होत चाललंय. गच्चीवरची धातूची छत्री, तिथून थेट बॉक्सपर्यंत येणारी तांब्याची तार, बॉक्सातून एचडीएमआय. लोक पिन काढतात आणि डिशची वायर तशीच ठेवतात. नंतर टीव्ही सुरू होतो, ॲप चालतात, पण बॉक्सचं चित्र येत नाही. पोर्ट गेलेला असतो. आभाळ गडगडायला लागलं की पिन, डिशची वायर आणि राउटरची लॅन वायर, तिन्ही काढा. वीज डोक्यावर कडाडायला लागल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका, तोवर उशीर झालेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देतं. गावाकडे असाल तर ते मोबाइलमध्ये असू द्या. ते टीव्हीसाठी नाही, माणसांसाठी आहे, पण टीव्हीही वाचतो.

चौकोन चौकोन होऊन फुटतं: डिश

चित्र काळं होण्याआधी चौकोनात फुटत असेल आणि आवाज तुटत असेल तर टीव्हीचा काही संबंध नाही. घरगुती डिशचा सिग्नल केयू बँडमधला, साधारण १० ते १२ गिगाहर्ट्झच्या लहरींचा. या लहरी मुसळधार पावसात विरतात. ढग पुढे सरकला की चित्र येतं, त्याला इलाज नाही. पण रिमझिम पावसात किंवा पाऊस थांबून ऊन पडल्यावरही चित्र फुटत असेल, तर जोडात पाणी शिरलंय. छत्रीच्या टोकाशी वायर जिथे स्क्रूने आवळली जाते तो जोड उघडला की आत हिरवट कळकलेलं तांबं दिसतं. तेवढं टोक कापून नवा कनेक्टर, वरून पाणीबंद टेप, आणि वायर जोडाखाली एक झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोलातून ठिबकून जातं.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकद भरपूर आणि गुणवत्ता हलती असेल तर छत्री किंचित फिरलीय. कोकणात वानर छत्रीवर बसून झोके घेतात, शहरात कबुतरं आणि गच्चीवर पापड वाळवणारे हात तेच काम करतात. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे महाराष्ट्रातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे आणि बरंच वर. त्या दिशेला शेजाऱ्याचं आंब्याचं झाड दोन पावसाळ्यांत वाढलं असेल तर छत्रीची जागाच बदलावी लागेल.

मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस, रोज ठरावीक वेळी, चकचकीत उन्हात काही मिनिटं सिग्नल जातो. त्या दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. कुणालाही बोलवू नका, आठवड्याभरात आपोआप थांबेल.

सेटिंगच्या खोड्या

टीव्ही साधारण चार तासांनी स्वतःच बंद होतो, आणि घरातल्या आजींना वाटतं आपण काहीतरी चुकीचं दाबलं. रिमोटला कुणी हात लावला नाही की बंद व्हायचं, असं वेळापत्रक बऱ्याच टीव्हींत कारखान्यातूनच चालू असतं. वीजबचतीच्या किंवा टायमरच्या मेनूत ते सापडेल. आजी दुपारी बारापासून एकच चॅनेल लावून बसतात, त्यांच्यासाठी ते बंदच करा.

साउंडबार बंद केला की टीव्हीही बंद, किंवा बॉक्स झोपला की टीव्ही झोपला, ही एचडीएमआय-सीईसीची, म्हणजे केबलने जोडलेली उपकरणं एकमेकांना बंद-चालू करतात त्या सोयीची, कृपा. मेनूत ‘ॲनीनेट प्लस’, ‘सिम्पलिंक’, ‘ब्राव्हिया सिंक’ अशा नावांनी ते दडलेलं असतं. चित्राचा उजेड आपोआप कमी-जास्त होत असेल तर उजेड मापणारा सेन्सर किंवा वीजबचत बंद करून बघा. आणि तुम्ही ठरवलेले रंग थोड्या वेळाने पुन्हा भडक होत असतील, वर कोपऱ्यात टीव्हीची जाहिरातही येत असेल, तर पहिल्या दिवशी मांडणी करताना ‘होम’ऐवजी ‘स्टोअर’ निवडलं गेलंय. तो दुकानातला प्रकार आहे, बदलून टाका. ॲप अडकत असतील तर रिमोटने बंद-चालू करून उपयोग नाही, तो खरा बंद होतच नाही. पिन काढून मिनिटभर थांबा.

फक्त ॲपमध्येच चित्र थांबत असेल तर राउटर बघा. नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं. वेग बहुतेक घरांत असतो, तो दोन भिंतींपलीकडे पोचत नाही. शक्य असेल तिथे लॅन वायर ओढा.

भिंत, पाली आणि दिवाळीची साफसफाई

पुढचं दुखणं टाळायचं असेल तर काही गोष्टी टीव्ही लावतानाच पाहाव्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाला तोंड देणारी भिंत जुलैत ओलावते. त्या भिंतीवर टीव्ही नको. दुसरा पर्याय नसेल तर पुढे ओढता येणारा स्टँड घ्या आणि पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ लावत जा, त्याच्या उबेने ओल बसत नाही. चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल मारलं की भोक पसरतं आणि गिट्टी सैल बसते. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ठोकळ्यांच्या) भिंतीला तर साधी गिट्टी चालतच नाही, तिच्यासाठीचे वेगळे अँकर मागा. टीव्ही बसवायला येणारा मुलगा घाईत असतो, त्याला हे आपणच सांगायचं. ड्रिल करण्याआधी त्या भिंतीतून बोर्डाची वायर कुठून गेलीय तेही दाखवा.

मागच्या झरोक्यांतून पाली आत जातात, उबेला. एखादी सर्किटवर आडवी झाली की टीव्ही संपला, आणि कंपनी अशा बिघाडाला वॉरंटीत धरत नाही. झरोके चिकटपट्टीने बंद करू नका, उष्णता आत कोंडेल. टीव्हीमागचा ट्यूबलाइट काढा, कारण किडे तिथे येतात आणि किड्यांमागे पाल येते. देवघर टीव्हीखाली असेल तर समई आणि उदबत्ती हलवा. काजळी थेट झरोक्यांत जाते.

दिवाळीच्या आधी टीव्हीवर उभ्या रेघा येण्याचं प्रमाण वाढतं, असं दुरुस्तीवाले सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. खिडकीच्या काचेचा फवारा थेट पडद्यावर मारला जातो, ओघळ खालच्या कडेपर्यंत येतो आणि फटीतून आत जातो. पॅनेलला जोडणाऱ्या नाजूक पट्ट्या अनेक टीव्हींत तिथेच असतात. टीव्ही बंद करून थंड होऊ द्या, कोरडं मायक्रोफायबर फडकं हलक्या हाताने फिरवा. तेलकट बोटं उठली असतील तर फडक्याचं टोक साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून पुसा. पाणी फडक्याला लावायचं, पडद्याला नाही. अमोनियावाले क्लीनर, स्पिरिट, वर्तमानपत्र, काही नको.

बॅकलाइट लवकर जाण्याचं एक कारण आपण स्वतः पुरवतो. पेटीतून काढलेला टीव्ही ‘व्हिव्हिड’वर, उजेड शंभरावर. ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडा आणि उजेड खोलीपुरता ठेवा. मागचे एलईडी कमी तापतात, जास्त टिकतात. ओएलईडी असेल तर रात्री भिंतीचं बटण घालवायची आपली सवय मोडा. असे टीव्ही काही तास पाहून झाले की रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत पिक्सेलची झाडलोट करतात आणि त्यासाठी त्यांना वीज लागते. गडगडाट असेल तेव्हाचा नियम अर्थात वेगळा.

तरीही काळं होतच असेल

केबल बदलली, पोर्ट बदलला, सॉकेट बदललं, बॉक्सशिवाय नुसत्या टीव्हीतल्या ॲपवरही पडदा काळा होतो आणि मेनूही उमटत नाही. आता दोष टीव्हीच्या आत आहे, मदरबोर्ड, पॉवर बोर्ड किंवा आतली पट्टी. काळं होतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. त्यात रिमोटचं बटण दाबलेलं, खालचा लाल दिवा आणि खोलीतला चालू असलेला दिवा, हे तिन्ही दिसू द्या, म्हणजे ‘तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे’ हे उत्तर मिळणार नाही. तक्रार फोनवर न ठेवता ॲपवर किंवा ईमेलवर नोंदवा आणि क्रमांक घ्या. प्रत्येक भेटीनंतर जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं असेल तर सही करताना खाली आपल्या हाताने ‘दोष अधूनमधून येतो, व्हिडिओ दाखवला’ असं लिहा. तीच तक्रार पुन्हा पुन्हा करूनही कंपनी हलली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बिल, जॉबशीट आणि व्हिडिओ घेऊन तक्रार करता येते. पेटी आणि थर्मोकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या, कारण टीव्ही बदलून द्यायची किंवा न्यायची वेळ आली तर तो त्याच पेटीत, उभाच न्यावा लागतो.